मुलगी अठरा दिवसांसाठी परदेशी जाणार, आणि रोज रडतेय

मार्च-एप्रिल आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. "कॉलेजतर्फे मुलांना दोन-तीन आठवडे बाहेर नेतायत. निवड झाली त्या दिवशी नाचत घरी आली. आता दिवस जवळ आले तशी धड जेवत नाही, रात्री उठून बसते, म्हणते मला जायचंच नाही. जोर करून पाठवावं, की राहू दे म्हणावं?"

याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. पण एका मुलीबरोबर मी अडीच महिने काम केलं, त्यातून मला या प्रश्नाबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या कितीतरी वर्षांत कळलं नव्हतं. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने ते सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण मृण्मयी म्हणू.

वय वीस. बडोद्यातच उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला. दांडिया बाजारच्या एका जुन्या वाड्यात घर, घरात आई-पप्पा, धाकटा भाऊ आणि आजी. कॉलेजची अकरा मुलं आणि दोन शिक्षक जूनमध्ये अठरा दिवसांसाठी जर्मनीत वायमारला जाणार होते. १९१९ मध्ये बाउहाउस ही कलाशाळा जिथे सुरू झाली ते हे गाव. अक्षरांवर जीव असलेल्या मुलीला याहून चांगली संधी कोणती मिळणार? आणि ही मुलगी शिक्षकांना पत्र लिहून नाव मागे घ्यायच्या बेतात होती.

पहिल्या दिवशी आईबरोबर आली तेव्हा तिच्या मांडीवर बटणाची एक पारदर्शक फाइल होती. पासपोर्टची प्रत, निमंत्रणपत्र, विम्याचे कागद, प्रत्येकावर वेगळ्या रंगाची चिठ्ठी. आई म्हणाली, "कागद सगळे तयार आहेत ताई, मुलगीच तयार नाही." मृण्मयी फाइलचं बटण अंगठ्याने उघडत होती आणि लावत होती. टक, टक. पाऊण तास तो आवाज चालू होता.

तिने भीतीची यादी सांगितली. विमानात काही झालं तर, सामान हरवलं तर, वाट चुकले तर, आजारी पडले तर, जेवण पचलं नाही तर. मी एकेकाचं उत्तर देत गेले. युरोपात कुठेही अडचण आली तर ११२ हा नंबर लागतो. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या, व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, म्हणजे आजारपणाची सोय आधीच झालेली असते. दोन शिक्षक बरोबर आहेत. शेवटी श्वासाचा एक सोपा व्यायाम शिकवला. जाताना तिचा चेहरा बराच मोकळा वाटला.

चौथ्या दिवशी आईचा फोन. आधीपेक्षा जास्त बिघडलंय.

मृण्मयी दुसऱ्यांदा आली तेव्हा वही घेऊन आली. माझ्या प्रत्येक उत्तराखाली तिने नवा प्रश्न लिहिला होता. ११२ लावला आणि पलीकडचा माणूस जर्मनमध्येच बोलला तर? विमा आहे, पण दवाखान्यात आधी पैसे मागितले तर? शिक्षक बरोबर आहेत, पण त्यांच्यापासूनच चुकामूक झाली तर? वहीची सहा पानं भरली होती.

ही चूक माझी होती. काळजीने गांजलेल्या माणसाला आपण "काही होणार नाही" म्हणतो तेव्हा त्याला घटकाभर बरं वाटतं. पण मन त्यातून एकच शिकतं, की बरं वाटायला दुसऱ्याने सांगावं लागतं. मग ते पुढचा प्रश्न तयार करतं, कारण प्रश्न विचारला की धीर मिळतो. घरोघरी हेच चालतं. आई सांगते, मावशी सांगते, अमेरिकेतला आतेभाऊ व्हिडिओ कॉलवर सांगतो, आणि मुलगी दिवसेंदिवस जास्तच घाबरते. घरच्यांना वाटतं इतकं समजावूनही कळत नाही. तिला सगळं कळत असतं. तिची अडचण माहितीची नसते.

म्हणून मी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, "समज, सगळं नीट झालं. विमान वेळेवर पोचलं, सामान आलं, खोली छान मिळाली, ताप-बीप काही नाही. तरीही कसली भीती वाटेल?"

ती बराच वेळ गप्प राहिली. बटणाचा आवाजही थांबला. मग खाली बघत म्हणाली, "ते काहीतरी सांगतील आणि मला कळणार नाही. मी परत विचारीन, ते परत सांगतील. तरी कळणार नाही. मग तिसऱ्यांदा कसं विचारायचं?"

खरी भीती ही होती. विमान, सामान, आजारपण हे सगळं तिच्याभोवतीचं कुंपण.

हळूहळू मागचं निघालं. बारा वर्षांची असताना ती डिसेंबरात पुण्याला एका लग्नाला गेली होती. पहाटे मांडवात कुडकुडत म्हणाली, "मला थंडी लागतेय." एक मामेबहीण फिस्सकन हसली. "लागते काय गं? भूक लागते, ठेच लागते. थंडी वाजते!" मग दोन दिवस सगळी भावंडं तिला गुज्जू म्हणून हाक मारत होती. आपल्याकडे बडोद्यात थंडी लागतेच, गुजरातीत ती लागते म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांत असे शेकडो शब्द रुळलेत आणि त्यात उणं काहीच नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? तिने एवढंच गाठीला बांधलं की तोंड उघडलं तर हसतात. त्यानंतर पुण्यात ती मोजकं बोलायला लागली. पुढे कॉलेजात इंग्रजीतून सादरीकरण आलं की घसा दाटायला लागला. आणि आता जर्मनी.

आईला हा प्रसंग आठवतही नव्हता. अशा गोष्टी मोठ्यांच्या लक्षात राहत नाहीत, हे मी फार वेळा पाहिलंय. त्यासाठी कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

इथे थोडं पप्पांबद्दल सांगायला हवं. गृहस्थ मनाने फार प्रेमळ, पण धीर द्यायची त्यांची पद्धत म्हणजे थोरामोठ्यांचे दाखले. "सयाजीराव महाराज १८८७ मध्ये युरोपला गेले. आपल्या बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. बोटीने! आणि तुला अठरा दिवस जमत नाहीत?" मला या शहराच्या त्या इतिहासाचा मनापासून अभिमान आहे. पण रडणाऱ्या मुलीसमोर बाबासाहेब उभे केले तर तिला बळ येत नाही, लाज वाटते. भीतीवर लाज चढली की ती भीती कुणाला सांगताही येत नाही. वर "पैसे भरून झालेत" हे वाक्य रोज जेवताना. मी पप्पांना वेगळं बोलावलं आणि दोन गोष्टी मागितल्या. पैशांचा विषय तिच्यासमोर बंद. आणि रात्री दहा मिनिटं तिच्याबरोबर बसायचं, पण जर्मनीबद्दल काही बोलायचं नाही. त्यांनी दोन्ही पाळलं. दुसरं त्यांना जास्त जड गेलं.

आता कामाचा भाग. मृण्मयीला मी म्हटलं, आपण भीती घालवायच्या मागे लागायचं नाही. ज्या प्रसंगाची भीती वाटते तो प्रसंग इथेच, बडोद्यात, छोट्या मापात आणून करून बघायचा. पहिल्या आठवड्याचं काम एवढंच होतं: रोज निदान एकदा कुणालातरी "सॉरी, पुन्हा सांगाल का?" असं विचारायचं. कळलं असलं तरी विचारायचं. आणि आठवड्यात दोनदा तरी तेच तिसऱ्यांदा विचारायचं.

ती रडवेली झाली. "ताई, समोरच्याला वाटेल ही ठार बहिरी आहे."

"वाटू दे. वाटल्यावर पुढे काय होतं तेच बघायचंय."

रावपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात तिने सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, बारा रुपये. हिने विचारलं, किती? तो म्हणाला, बारा. हिने पुन्हा विचारलं. त्याने मान वर न करता कॅल्क्युलेटर तिच्याकडे वळवला, त्यावर १२ दिसत होतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे कागद हातात घेतले. एवढंच. मला सांगताना तिचा विश्वास बसत नव्हता. "ताई, त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." तिच्या छातीत धडधडलं होतं, हात थंड पडले होते, पण दुकानाच्या पायऱ्या उतरून न्यायमंदिरापर्यंत येईतो सगळं ओसरलं होतं. हे तिने स्वतःच्या अंगावर पाहिलं. भीतीची लाट चढते, टोकाला जाते आणि आपण पळालो नाही तर आपोआप उतरते, हे मी शंभरदा सांगून तिला पटलं नसतं.

बँकेत, लायब्ररीत, रिक्षावाल्याजवळ, कॉलेजातल्या एका कडक सरांजवळ असं करत करत महिनाभरात ते वाक्य तिच्या तोंडात बसलं. मध्येच एका संध्याकाळी मी तिच्याशी मुद्दाम भरभर इंग्रजीत बोलायला लागले. मिनिटभर तिने सवयीने मान डोलावली, मग हात वर करून म्हणाली, "थांबा, हे मला कळलं नाही." मी थांबले. काहीही न कळता मान डोलावणं ही तिची खरी अडचण होती. परदेशात वाटा चुकतात, गाड्या सुटतात, त्या बहुतेक अशा डोलावण्याने. न विचारल्याने.

तिच्याच रोजच्या जगण्यातली एक गोष्टही मी तिला दाखवली. ही मुलगी आजीशी मराठी बोलते, खंडेराव मार्केटात भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस करते, कॉलेजात हिंदी आणि इंग्रजी एका वाक्यात मिसळते, आणि या चारही भाषांत कुठे ना कुठे चुकते. तरी तिचा दिवस अडत नाही. अर्ध्या कळलेल्या भाषेत काम उरकणं हे बडोद्यातल्या मराठी मुलीला शिकवायला लागत नाही. फक्त ते कौशल्य आहे असं तिला कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. पुण्यातल्या भावंडांनी ते दोष म्हणून मोजलं आणि तिनेही तसंच धरून ठेवलं.

एप्रिलच्या शेवटी व्हिसासाठी अहमदाबादला जायचं होतं, बोटांचे ठसे द्यायला. पप्पा रजा टाकून न्यायला तयार होते. मी म्हटलं, गाडीने एकटी जाऊ दे. बडोदा ते अहमदाबाद शंभर किलोमीटर, कॉलेजची मुलं रोज ये-जा करतात. पण वीस वर्षांत ही एकटी कधी बडोद्याबाहेर गेली नव्हती. आणखी एक काम जोडलं: व्हिसाकेंद्रातून बाहेर पडल्यावर चार तास फोन बंद. साबरमती आश्रमात जायचं, एकटीने जेवायचं, कुणालाही न विचारता परत यायचं.

आश्रमातलं संग्रहालय वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी बांधलेलं, १९६३ चं. विटांचे खांब, उतरती कौलारू छपरं, मधे मोकळा चौक. ती तिथे दीड तास बसून खांबांची चित्रं काढत राहिली. जेवायला मात्र गेली नाही. थाळीच्या हॉटेलच्या दारात उभी राहिली, सगळे घोळक्याने बसलेले दिसले, आणि मागे फिरली. स्टेशनवर वेफर्स खाऊन घरी आली. मला सांगताना तिने ते वेफर्स जवळजवळ गाळलेच होते, मग आपणच सांगितलं. मला ते फार आवडलं. जे जमलं नाही ते नेमकं कळलं, म्हणजे पुढचं काम ठरलं. मे महिन्यात तिने बडोद्यात चार वेळा एकटीने बसून जेवण केलं. पहिल्यांदा सेवउसळ, मग थाळी.

आता एक महत्त्वाचं. प्रत्येक मुलाच्या बाबतीत असा सराव पुरत नाही. झोप कित्येक आठवडे उडालीय, वजन उतरतंय, कुठलंही निमित्त नसताना दम कोंडल्यासारखे झटके येतात, मूल जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवतंय, किंवा मानसोपचाराची औषधं नुकतीच सुरू झाली वा बदललीत, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि जायचं की नाही हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा. औषधं चालू असलेल्या मुलांनी ती मूळ पाकिटात, औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. मोठ्या बॅगेत नकोत, बॅग उशिरा आली तर डोस चुकतात. आणि बरोबरच्या शिक्षकांना याची कल्पना द्या. लपवून पाठवलेल्या मुलावर परक्या ठिकाणी वेळ आली तर मदत करणाऱ्याच्या हाती काहीच नसतं.

मृण्मयीच्या बाबतीत तसं काही नव्हतं. पण रात्रीचा प्रश्न होता.

ती जन्मापासून आजीच्या खोलीत झोपत आलेली. आजी रात्री रामरक्षा म्हणतात, मग थोडं खोकतात, मग दिवा जातो. वायमारला प्रत्येकाला वेगळी खोली मिळणार होती. दिवसाची भीती बरोबरची मुलं सावरून नेतात. घरची आठवण येते ती रिकाम्या वेळी, रात्री आणि पहाटे. म्हणून मे महिन्यात ती माडीवरच्या खोलीत एकटी झोपायला लागली. पहिल्या रात्री अडीचला खाली आली. दुसऱ्या रात्री चारला. सहाव्या रात्री सकाळपर्यंत वरच राहिली. तिला आजींच्या आवाजातली रामरक्षा फोनवर भरून न्यायची होती. मी हो म्हटलं. आपल्या माणसाचा आवाज जवळ असणं म्हणजे कमकुवतपणा नव्हे. फक्त ती ऐकायची अंथरुणावर पडायच्या आधी, रडू कोसळल्यावर उतारा म्हणून नाही. आजींचा तुपाचा डबा मात्र घरीच राहिला, कारण दूध आणि दुधाचे पदार्थ प्रवाशांना बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. आजींनी मेतकूट बांधून दिलं.

आणि मग आई. खरं सांगायचं तर अशा प्रत्येक केसमध्ये निम्मं काम आईबरोबरचं असतं.

त्यांनी ठरवलं होतं की रोज रात्री झोपण्याआधी व्हिडिओ कॉल. मी घड्याळ मांडून दाखवलं. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते. तिथे रात्री दहा म्हणजे इथे दीड. दिवसभर दमलेली मुलगी रात्री आईचा चेहरा बघणार, तिला रडू येणार, रडून ती झोपी जाईल. तुम्ही पहाटेपर्यंत जाग्या राहाल. दुसऱ्या दिवशी तुमच्या आवाजात ती काळजी तिला ऐकू येईल. मग ती तुमच्यासाठी घाबरायला लागेल. आई ऐकून गप्प झाल्या, कारण भाऊ शाळेच्या सहलीला गेला तेव्हा नेमकं हेच झालं होतं.

शेवटी ठरलं ते असं: बडोद्यात संध्याकाळी साडेपाच, तिथे दुपारचे दोन, जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं. तीही रोज नाही, एक दिवसाआड. मधल्या दिवशी एक फोटो. "जेवलीस का? बरं वाटतंय ना? रडली नाहीस ना?" हे तीन प्रश्न बंद. त्याऐवजी "आज काय बघितलंस?" आणि नकाशावर तिचा निळा ठिपका बघत बसायचं नाही. हे शेवटचं आईंना पटेना. मी म्हटलं, ठिपका दोन तास एका जागी थांबला तर तुम्हाला काय काय सुचेल ते आत्ता मला सांगा. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. मग त्याच म्हणाल्या, "नको, बंदच करते."

निघायच्या आधीच्या शेवटच्या भेटीत मी मृण्मयीला पहाटेबद्दल सांगितलं. बाहेर जाणाऱ्या मुलांना सगळे सगळं सांगतात, हे बहुधा कुणी सांगत नाही. परदेशात गेल्यावर आधी सगळं छान वाटतं, मग मन उतरतं, मग सावरतं, असं चित्र फार प्रसिद्ध आहे. १९५५ मध्ये लीसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकाने ते मांडलं. पुढच्या अभ्यासांत मात्र अनेकांचं तसं दिसलं नाही. कित्येकांना सुरुवातच सगळ्यांत जड जाते. अठरा दिवसांच्या प्रवासात तर पहिले तीन-चार दिवसच खरे कठीण. त्यात शरीराचं घड्याळ बडोद्याचं. आपले सकाळचे सात म्हणजे तिथे साडेतीन. पहाटे टक्क डोळे उघडतील. पोट रिकामं असेल. जूनमध्ये तिथे चारच्या सुमाराला उजाडायला लागतं, म्हणजे पुन्हा झोपही लागणार नाही. सगळं गाव झोपलेलं आणि तू एकटी जागी. त्या वेळी वाटेल की आपण फार मोठी चूक केली. तसं वाटेल तेव्हा ते खरं मानू नकोस. चौथा दिवस उलटेपर्यंत परत यायचा विचार करायचा नाही, आणि पहाटे साडेतीन ते सहा या वेळात कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

तिने ते वहीत लिहून घेतलं. आईही शेजारी होत्या. मी त्यांना म्हटलं, तिथे साडेतीन वाजतात तेव्हा तुम्ही इथे उठलेल्या असता. तिला हे माहीत आहे. नियम कितीही केले तरी तो फोन येऊ शकतो. आला तर काय म्हणाल?

"म्हणेन, बाळा रडू नको, मी आहे ना."

"त्याने ती जास्त रडेल."

मग आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य ठरवलं आणि आईंनी ते माझ्यासमोर पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. पहिल्या तीन वेळा त्यांचाच आवाज भरून आला.

मंडळी एका शनिवारी पोचली. फ्रँकफर्टहून गाडीने एर्फुर्ट, तिथे गाडी बदलून वायमार. दुसरा दिवस रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, रस्ते सुनसान. मांडवीतल्या गर्दीत वाढलेल्या मुलीला ती शांतता भयंकर वाटली. ब्रेड शनिवारीच घ्यायचा हे आधी ठरलं होतं, तेवढा तिने घेतला होता. सोमवारी आपल्याकडे सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आईंचा फोन वाजला.

पुढचं मला आईंनीच सांगितलं. त्या ओट्यापाशी होत्या, गॅसवर दूध. पलीकडून नुसता रडण्याचा आवाज. मग "आई, मला इथे नाही राहायचं." आईंच्या ओठांवर "परत ये" आलं होतं. अगदी आलं होतं. दूध वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून खाली सांडलं, आणि त्यांनी गॅस बंद करायला हात पुढे केला त्या दोन-तीन सेकंदांत ठरवलेलं वाक्य आठवलं. "मृण्मयी, ऐकतेय मी. आता उठ, खिडकी उघड, तोंड धू, काहीतरी खा. अर्ध्या तासाने मीच फोन करते." आणि त्यांनी फोन ठेवला.

तो अर्धा तास त्या फरशीवर बसून सांडलेलं दूध पुसत होत्या. पुसून झालं तरी पुसत होत्या. आजींनी विचारलं, "कोणाचा गं फोन?" तर म्हणाल्या, दूधवाल्याचा.

सात चाळीसला त्यांनी फोन लावला. मृण्मयीचा आवाज बसलेला होता, पण रडणं थांबलं होतं. ब्रेड आणि मेतकूट खाल्लं म्हणाली. खिडकीत बसून समोरच्या घरावरची जुनी पाटी वहीत उतरवत होती. दोन-चार वाक्यं बोलल्या आणि आईंनी पुन्हा स्वतःहून फोन ठेवला.

संध्याकाळी साडेपाचला, ठरल्या वेळी, ती बोलली ते सगळं बेकरीबद्दल. सहाला खाली बेकरी उघडली तेव्हा ती एकटीच गेली होती. काउंटरवरच्या बाईंनी काहीतरी विचारलं. हिला कळलं नाही. हिने पुन्हा विचारलं. तरी कळलं नाही. मग तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा त्या बाईंनी एका हातात कागदी पिशवी धरली आणि दुसरा हात दुकानातल्या टेबलाकडे केला. इथेच खाणार की बांधून देऊ, एवढंच त्या विचारत होत्या.

मृण्मयी तिथेच बसून खाऊन आली.